दोनशे पंचावन्न

आदल्या रात्री कवठेमहांकाळला ऑर्केस्ट्रा होता.
स्टेजवर अंधार, म्हणून आयएसओ बत्तीसशे केला
आणि तसाच ठेवून झोपलो.
सकाळी सावळजला हळद. एप्रिल, साडेअकरा,
पांढरा मांडव, खाली चुन्यानं सारवल्यासारखं ऊन,
कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर माझंच घामेजलेलं कपाळ.
एकशे चौऱ्याऐंशी फोटो काढले. जेवलो. निघालो.

आता तासगावात, दुकानाचं शटर अर्धं ओढून
एकेक उघडतोय.
पाटावर नवरीच्या जागी नवरीएवढा उजेड बसलाय.
हळद दुधासारखी.
करवल्यांच्या बांगड्यांचे नुसते काठ उरलेत.

वसगडेकर अण्णांकडं मी ट्रे धुवायला होतो.
ते म्हणायचे, मुलाण्या, फिल्मला उजेड जास्त झाला
की निगेटिव्ह काळीकुट्ट होती, पण आत सगळं असतंय.
एनलार्जरखाली दमानं बसलं की माणूस बाहेर येतो.
अण्णा, आता उलटं झालंय.
अंधारात पडलेलं काहीही उपसता येतं,
पाटाखालचं मांजर, मांडवाबाहेरच्या चपला,
उजेडात गेलेलं मात्र गेलं.
दोनशे पंचावन्न, दोनशे पंचावन्न, दोनशे पंचावन्न.

रॉमध्ये काढले होते, एवढी एक अक्कल.
एक्स्पोजर दोन स्टॉप मागं,
हायलाइट पार तळाला.
आधी मांडवाच्या कापडाची शिवण आली.
तांबडा भरून वाहून गेला होता, हिरवाही.
हळदीत निळा कमी, म्हणून तेवढा वाचलेला.
त्या निळ्याच्या बोटाला धरून
कपाळ आलं, नाकाची डावी बाजू आली,
उजवी आली नाही.
मानेवरचा ओघळ आला. मनगटावरचा व्रण,
द्राक्षाची विरळणी करताना कात्री लागते, तो.
आणि रंग.
शेडमधल्या जाळीवर आठव्या दिवशी
बेदाण्याला यायला लागतो तो, काळ्याच्या जरा अलीकडचा.
पहाटे साडेतीनपर्यंत बावीस फोटो झाले.
धनश्रीला परत आणली, असं वाटून
मी एकटाच चहा प्यालो.

दहाला तिची आई आली, बरोबर मामा.
माझ्या हातून आधी जळालेलंच फोल्डर उघडलं गेलं.
माफी मागायला तोंड उघडलं, तोवर बाई म्हणाल्या,
"आगं बया, कशी उजळ आलीया पोरगी!
दादा, बघ की. ह्येच घाला अल्बमात."
मी म्हटलं, मावशी, हे बिघडलेत, नीट केलेले दाखवतो.
त्यांनी बावीसातले तीन पाहिले.
चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला.
"ह्यात आहे तशीच आलीया."
मग मामा बाहेर तंबाखू मळायला गेल्यावर,
"चौदा घरं बघून गेली हुती, दादा.
ऱ्हाऊ द्या पांढरं."

ठेवले. दोन-चार आणखी पांढरे केले,
खोटं कशाला बोलू, पैसे पूर्ण मिळाले.

महिन्यानं इस्लामपुरातून व्हॉइस मेसेज.
मागं कुकरची शिट्टी, मधेच दार लावल्याचा आवाज.
"मुलाणीदादा, धनश्री बोलतीय. आईला सांगू नका.
माझ्या हातावरचा वण दिसतोय असा
एखादा असंल तर धाडता का?
जावेचं पोरगं अल्बम बघत हुतं,
म्हणालं, काकी, ह्यात तू कुठंयस?"

पाठवला. मोठा साइझ, कमी न करता.
चाळीस टक्क्यांवर अडकला, मग गेला.
नाकाच्या उजव्या बाजूला मी काही भरलं नव्हतं.
दुसऱ्या फोटोतून कापून चिकटवता आलं असतं,
येतं मला ते.
तिथं साडेअकराचं ऊन आहे
आणि माझी चूक.